तिसरा खटका

पुढे जाणारे सगळे गिअर एकाच रात्री गेले.
रिव्हर्स तेवढा शाबूत.
इस्पितळाच्या धुलाईखान्यातून सुटले तेव्हा पावणेबारा,
हॅनकॉकच्या चढावर इंजिन नुसतंच बोंबललं,
काटा चार हजारावर, चाकं जागच्या जागी.
उतारावर घरंगळू देऊन तिचं तोंड फिरवलं
आणि मान अवघडेस्तोवर मागे बघत
साडेतीन मैल उलटी घरी आणली.
मधेच एकदा पुढच्या काचेतून पाहिलं:
बंद खाणीचा मनोरा, लुथरन चर्च, पेट्रोलपंपाचा दिवा
एकेक करून माझ्यापासून लांब चाललेले.
कुणी हात केला नाही.

गॅरेजवाल्याने आकडा सांगितला: चार हजार दोनशे.
गाडी विकली तर बाराशे येतील,
तेही टाकी भरून दिली तर.

शनिवारी आर्विड आला, तसा तो येतोच.
सासरा म्हणावं तर सासर उरलेलं नाही;
डेल अ‍ॅरिझोनात, तिथे त्याला दुसरी बायको, दुसरा कुत्रा.
म्हाताऱ्याने डिपस्टिक ओढून नाकाशी धरली.
"जळलंय."
लाल असायचं ते तेल
तीनदा उकळलेल्या चहासारखं,
आणि पॅनच्या तळाशी बारीक चमचम,
दिसायला सुंदर.

भंगारातून दोनशे डॉलरला दुसरं ट्रान्समिशन आणलं,
झाडावर आदळलेल्या तसल्याच गाडीच्या पोटातलं.
पिकअपमध्ये जुन्या गादीवर निजवून आणलं.
ज्या गादीवर आम्ही अकरा वर्षं...
असो. गादी मजबूत निघाली.

ऑक्टोबरची फरशी पाठीतून वर चढते.
बोल्ट केकच्या साच्यात, खळग्या-खळग्यात वेगळे;
सगळ्यात वरचा बोल्ट कुणालाच न दिसणारा,
तीन दांडे जोडून, डोळे मिटून, मी सोडवला.
माझा हात बारीक म्हणून.
इतक्या वर्षांत तो कशाला तरी उपयोगी पडला.

मग टॉर्क कन्व्हर्टर. कलिंगडाएवढा, जड, गुळगुळीत.
फिरवत फिरवत आत रेटायचा.
तीन खटके बसले पाहिजेत.
दोनवर जो उरकतो
त्याचा पंप पहिल्याच किल्लीला फुटतो.
खट.
खट.
"बसला," मी म्हणाले.
"दोन."
"तीन झाले. मी ऐकले."
त्याला ऐकू येत नाही;
खडी फोडणाऱ्या यंत्रापाशी चाळीस वर्षांत कान गेले,
तेव्हापासून तो तळव्याने मोजतो.
संध्याकाळ झाली होती, नाकातून पाणी, बोटांना भेगा.
मी म्हणाले,
"तुमचा मुलगा अर्धवट बसलाय हे
कळलं नव्हतं का या तळव्याला?"

तो फिरवत राहिला.
अर्धा वळसा. थोडा मागे. परत अर्धा.
ऐकलं की नाही, देव जाणे.
मग लोखंडाच्या आत काहीतरी
पाव इंच पुढे सरकलं
आणि तो खटका माझ्या दातांत वाजला.
"आता," आर्विड म्हणाला,
आणि रुमाल शोधायला बराच वेळ पाठमोरा राहिला.

रविवारी रात्री नरसाळ्यातून तेल ओतलं, लालभडक.
मागची चाकं अजून घोड्यांवर, अधांतरी.
मी डी लावला.
चाकं पुढच्या दिशेने फिरू लागली,
जमिनीपासून वीतभर वर,
कुठेही न जाता, आज्ञाधारकपणे.
आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो,
बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

मग खाली उतरवली, त्याला सोडायला निघाले.
जॅकेटभर ग्रीस, काचेवर भुरभुर बर्फ.
आर्विडने हातमोजा काढला,
तळवा डॅशबोर्डवर टेकवला.
"एक," तो म्हणाला.
गाडीने हलकासा गचका दिला.
"दोन."
पुढे खाणीचा चढ होता.
पाय मी तसाच दाबून ठेवला.